ओढ्याच्या अलीकडे

माण तालुक्यातून पोटापाण्यासाठी बाहेर पडलेल्यांत ज्योतीरामाचं बरं चाललं होतं, असं त्याच्या गावात सगळे म्हणत. बाकीचे खडी फोडत, हमाली करत, कुणाकुणाच्या बांधकामावर विटा वाहत. ज्योतीरामाच्या हाताला मात्र कसब लागलं होतं. तो पाण्याच्या नळांचे सांधे भरायचा. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, एक नळ दुसऱ्याच्या रुंद तोंडात बसवला की मधल्या फटीत काथ्या ठासायचा, बाहेरून मातीचं कडं लिंपायचं, वर एवढंसं भोक ठेवायचं आणि भट्टीवर वितळवलेलं शिसं त्या भोकातून एका दमात ओतायचं. हात मध्येच थांबला की सांधा वाया गेला. शिसं निवलं की छिन्नी लावून चौफेर ठोकून काढायचं. मग पाण्याला कितीही जोर असो, थेंब बाहेर येत नाही. पुण्यात एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली तो हे शिकला होता.

पण त्याचं खरं नाव होतं ते कानासाठी. नळ चरात उतरवण्याआधी तो त्यावर हातोडीचा हलका टोला द्यायचा आणि मान कलती करून ऐकायचा. धड नळ घंटेसारखा वाजतो, चिरलेला भद्द बोलतो, एवढं कुणालाही कळतं. ज्योतीरामाला पुरलेल्या नळातही कुठला सांधा गळतोय ते वरच्या मातीवर कान टेकून सांगता यायचं. तो बोट ठेवील तिथं उकरायचं, आणि तिथंच ओल सापडायची. असं इतक्यांदा झालं होतं की आता त्याला कुणी विचारत नसे. तो म्हणाला की लोक टिकाव उचलत.

त्या सुमारास, म्हणजे चोपन्न सालच्या आगेमागे, पिंपरीच्या माळावर औषधाचा कारखाना उभा राहत होता. त्याला पाणी लागणार होतं, आणि ते पवनेतून आणायचं ठरलं होतं. वर मावळच्या तोंडाशी नदीला बंधारा घातला, तिथं एक पंपघर बांधलं. तिथून शेतंशिवारं, ओढे, गाडीवाटा ओलांडत नळ खाली आणायचा. इतक्या लांब येईतो पाण्याचा जोर संपतो, म्हणून चिंचवडच्या शिवेवर दुसरं पंपघर, तिथून पाणी पुन्हा ढकललं की ते थेट माळावर. सारं काम एका ठेकेदाराकडं होतं. तो पुण्यात राहायचा आणि मोटारीतून यायचा. कामाच्या जागी सरकारतर्फे एक ओव्हरसियर होता, उद्धवराव नावाचा. कोवळ्या वयाचा, चष्मा लावणारा, माणसांना अरेतुरे न करणारा. आपला नकाशा तो गुंडाळून काखेत धरायचा आणि कुणाशी वाद आला की आधी स्वतःच गप्प व्हायचा.

दुसऱ्या पंपघरापासून हाकेच्या अंतरावर कामकऱ्यांच्या झोपड्या होत्या. त्यांतल्या एकीत ज्योतीराम, त्याची बायको रुक्मिणीबाई आणि रुक्मिणीचा धाकटा भाऊ भैरू राहत. रुक्मिणी चरातली माती पाटीनं वर काढायची. तिला मूलबाळ नव्हतं. बाप लवकर गेल्यानं भैरूला तिनंच कडेवर वाढवलं होतं. तिच्या लग्नात तो तिचा पदर सोडेना, तेव्हा त्याला वरातीबरोबरच दोन मुक्काम न्यावं लागलं होतं, ही गोष्ट ती अजून सांगायची. आता तो चांगला बाप्या झाला होता, पण अंगानं किरकोळच राहिला. गावाकडं त्याचं काम आड उपसण्याचं. उन्हाळ्यात आड आटले की कमरेला दोर बांधून त्याला आत सोडत, आणि तो तळातला गाळ बादलीत भरून वर देई. अंधाराची, अडचणीची त्याला भीती म्हणून नव्हती. दोन वर्षं पाऊस दडी मारून बसला, आडांना तळच राहिला नाही, तेव्हा म्हातारी अंबूबाई, म्हणजे त्याची आई, म्हणाली की जा आता आक्काकडं. तसा तो आला.

तो आल्यावर झोपडीत बोलणं वाढलं. ज्योतीराम मूळचा अबोल, दिवसभर शिशाच्या धुरात उभा राहून संध्याकाळी त्याचं तोंड कडू व्हायचं. भैरू त्याला सोडत नसे. दाजी, शिसं गिळलं तर माणूस वाजतो का, असलं काहीबाही विचारून त्याला हसवायचा. चराच्या कडेला नळ ओळीनं पडलेले असत. दुपारची भाकर खाल्ली की भैरू त्यातल्या एकात सरपटत शिरायचा आणि गारव्याला झोपायचा. मुकादम सोपानराव नळांच्या तोंडात वाकून वाकून त्याला हुडकत फिरायचा. रुक्मिणी ते बघून तोंडाला पदर लावायची.

त्या पावसाळ्यात काम थांबलं. पुरलेल्या नळांची उघडी तोंडं फळ्या ठोकून बंद केली होती, पण वरच्या बाजूला एका पावसात फळी वाहून गेली आणि नळात गाळ शिरला. दसरा झाल्यावर काम पुन्हा सुरू झालं तेव्हा ही गोष्ट ध्यानात आली. दिवाळीच्या आत पाणी माळावर पोचलं पाहिजे असा वरून हुकूम होता. मोठे लोक येणार होते. नळ धुऊन काढायला वेळ लागला असता, म्हणून ठेकेदाराच्या माणसांनी गोणपाटाचा मोठा बोळा करून, त्याला दोर बांधून, तो नळातून ओढून काढायचं ठरवलं. बोळा वरून आत गेला, बराच आला, आणि चिंचवडच्या पंपघराजवळ जो ओढा आहे त्याच्या आसपास कुठंतरी अडकला. ओढ्यापाशी नळ खाली उतरतो, पात्राखालून जातो आणि दुसऱ्या काठाला पुन्हा वर चढतो. जोर लावून ओढलं तर दोर तुटला.

आता पंपघराच्या बाजूनं कुणीतरी आत शिरून बोळा मोकळा करायला हवा होता. नळ एवढाच की माणूस पोटावर सरकू शकेल. मुकादमानं भैरूकडं बघितलं. भैरू आधीच सदरा काढत होता. गाळाचंच काम की हे, माझंच, असं म्हणून त्यानं सदरा आक्काच्या हातात दिला. उद्धवरावाला ते फारसं पसंत नव्हतं. पाणी सोडून धुवावं, दोन दिवस जातील तर जाऊ देत, असं तो म्हणाला. सोपानरावानं त्याला ठेकेदाराचा निरोप ऐकवला, आणि तो नेहमीसारखा गप्प बसला.

दोर ज्योतीरामानं बांधला. भैरूच्या कमरेला, पोटावर दुहेरी गाठ मारून. एका हातात छोटा हातोडा, कमरेला छिन्नी, एवढं घेऊन भैरू सकाळच्या उन्हात नळात शिरला. त्याचे तळवे दिसेनासे झाले तरी त्याचं बोलणं ऐकू येत होतं. मग नळातून नुसता घुमारा येऊ लागला, शब्द कळेनात. दोर हळूहळू आत सरकत राहिला.

त्या दिवशी कामावर माणसं मोजकीच होती. बंधाऱ्याच्या पंपघरावर यंत्र उतरवायचं होतं, बहुतेक गडी तिकडं नेले होते. इथं राहिले ते ज्योतीराम, सोपानराव, चारदोन गडी, माती वाहणाऱ्या बाया आणि उद्धवराव.

दोर सरकायचा थांबला. बराच वेळ झाला तरी हलेना, म्हणून ज्योतीरामानं दोन हिसके दिले. ठरल्याप्रमाणं पलीकडून दोन हिसके यायला हवे होते. आले नाहीत. त्यानं दोर ओढला तर तो सैल आला, सरसर येतच राहिला आणि शेवटी टोक हातात आलं. टोक तुटलेलं नव्हतं. गाठ सोडलेली होती. कुठल्यातरी सांध्यात दोर अडकला असणार, आणि पुढं सरकता येईना म्हणून भैरूनंच तो सोडला असणार. ज्योतीराम नळाच्या तोंडात शिरायला गेला, पण त्याचे खांदे आत मावेनात. तो तसाच तोंडाशी पालथा पडून हाका मारू लागला. उत्तर म्हणून आतून ठोके आले. हातोड्याचे, लोखंडावर. तीन ठोके, थोडा दम, पुन्हा तीन.

माणूस जिवंत आहे एवढं त्यावरून कळलं, आणि सगळ्यांच्या जिवात जीव आला. एक किरकोळ गडी दोर बांधून आत गेला. तो लवकरच बाहेर आला. ओढ्याखालच्या उतारात नळ गाळानं गच्च भरलाय, सकाळी भैरू गेला तेव्हा वरून जागा असणार, आता बोट शिरत नाही, असं त्यानं सांगितलं. काय झालं असेल ते उद्धवरावानं ओळखलं. भैरू गाळावरून सरकत पुढं गेला, बोळ्याभोवतीचा गाळ त्यानं सैल केला, आणि तो ओला गाळ घसरून त्याच्या मागं साठला. पुढं बोळा, मागं गाळ, मध्ये भैरू. हवा तेवढ्याच नळातली.

नळ फोडायचा, यात दुमत नव्हतं. प्रश्न होता तो कुठं. बीड ठिसूळ असलं तरी नळ जाड, वर माणूसभर माती, हाताशी गडी थोडे. एकाच जागी जोर लावता येणार होता.

उद्धवरावानं नकाशा उघडला नाही. ओढा ओलांडून तो पलीकडच्या काठावर गेला, जिथून नळ वर चढतो तिथं गाडीवाटेच्या कडेला उभा राहिला आणि हातातली काठी जमिनीत रोवली. गाळ वरून आला, म्हणजे बोळा याच बाजूला अडकला, आणि माणूस बोळ्यापाशी, असं त्याचं म्हणणं होतं. इथं खणा, असं तो सोपानरावाला म्हणाला. पण म्हणताना त्यानं ज्योतीरामाकडं पाहिलं.

ज्योतीराम तेव्हा जमिनीवर होता. पंपघरापासून नळाच्या वरनं तो गुडघ्यांवर सरकत होता, दर काही हातांवर मातीला कान लावत होता. ठोके येत होते. कुठं बारीक, कुठं दाबल्यासारखे. ओढ्याच्या अलीकडच्या काठाला, एका बाभळीपाशी, ते इतके ठसठशीत आले की त्याला वाटलं, आपल्या हाताखालीच हातोडा आहे. तो ओढ्यातून पलीकडं गेला, काठीपाशी कान लावला. तिथं काही नव्हतं म्हटलं तरी चाललं असतं. इतकं क्षीण. तो परत आला, पुन्हा बाभळीपाशी कान टेकला, आणि उठून उभा राहिला.

"हितं हाय," तो म्हणाला.

उद्धवराव ओढा ओलांडून आला. त्याला ते पटत नव्हतं. लोखंडातून आवाज फसवतो, ज्योतीराम, एवढंच तो बोलला, तेही हळू. गडी दोघांकडं बघत उभे होते. ज्योतीरामानं आयुष्यात कधी वाद घातला नव्हता, त्याला घालायला यायचा नाही. तो नुसता त्या जागेवर उभा राहिला. तेव्हा रुक्मिणी बायांच्यातून पुढं आली. तिच्या हातात अजून भावाचा सदरा होता.

"सायेब, हितंच उकरा," ती म्हणाली. "त्यांचा कान खोटा न्हाई. माजा भाऊ हाय आत, म्या सांगती."

 उद्धवराव बाजूला झाला. पहिला टिकाव त्यानंच हाणला.

अलीकडच्या काठाची माती भुसभुशीत होती. पावसाळ्याआधी घाईघाईनं लोटलेली, धुम्मसानं नीट न चोपलेली. टिकाव सहज उतरत होता आणि बाया पाट्या भरभरून बाजूला टाकत होत्या. खाली जावं तसे ठोके मोठे येत गेले. नळ उघडा पडला तेव्हा तर हाताला कंप जाणवत होता. ज्योतीराम त्यावर तोंड टेकून ओरडला की आलोच, भैरू, कडंला हो, आणि सोपानरावाच्या हातातला घण त्यानं स्वतः घेतला. बीड तडकलं, मग फुटलं. कपच्या उडाल्या. माणूस शिरेल एवढं भोक झालं.

आत काही नव्हतं. रिकामा, काळा नळ, खालच्या बाजूला गाळाची भिंत. ज्योतीरामानं खांद्यापर्यंत हात घालून चाचपलं. ठोके चालूच होते. ते गाळापलीकडून, ओढ्यापलीकडून, लोखंडातून चालत येत होते.

तेव्हा त्याला समजलं. अलीकडं माती सैल होती, नळ मोकळा होता, म्हणून तो इथं बोलत होता. पलीकडं गाडीवाटेखाली मुरूम दाबून दाबून घट्ट बसवलेला, तिथं नळ मुका. त्यानं आजवर गळणारं पाणी ऐकलं होतं, आणि पाणी जिथं गळतं तिथंच बोलतं. आत ठोकणारा माणूस त्यानं कधी ऐकला नव्हता.

सगळे ओढ्यातून पलीकडं धावले. उद्धवरावाची काठी होती तिथं टिकाव मारला तर ठिणगी उडाली. मुरूम, त्यात गाडीवाटेसाठी टाकलेले धोंडे. बोटबोट करत ते खाली गेले. वरच्या पंपघराकडं माणूस पळवला होता, पण तिकडचे गडी यायला वेळ होता. बाया हातांनी धोंडे उचलत होत्या. ठोके ऐकायला आता कान लावावा लागत नव्हता. कुणीतरी अधूनमधून थांबून ऐकायचं आणि आहेत म्हणायचं. तीनाचे दोन झाले. मग एकेक, लांबलांब. मग कुणी थांबलं तरी काही म्हणेना, आणि कुणी विचारलंही नाही. टिकाव तसेच चालत राहिले. रुक्मिणी खड्ड्याच्या कडेला मातीत बसली होती, दोन्ही तळवे जमिनीवर पसरून. तिला उठवायला कुणी धजलं नाही.

उन्हं उतरली तेव्हा नळ लागला. फोडला तो नेमका काठी रोवली होती त्याच्या खाली. भैरू तिथंच होता, तोंड बोळ्याकडं, हातोडा मुठीत. अंग अजून गार झालं नव्हतं. एका बाईनं पुढं होऊन नाकाशी बोटं धरली, छातीवर हात ठेवला, मग दुसरीनंही तेच केलं.

चौकशी झाली. चिंचवडचा पाटील येऊन पंचनामा करून गेला, पुण्याहून मोठे साहेब आले. पंपघराच्या व्हरांड्यात टेबल मांडलं, एकेकाला बोलावलं. आधी अलीकडं का खणलं, पलीकडं का नाही, हा साहेबांचा मुख्य सवाल. सोपानरावानं उद्धवरावाकडं बघितलं. उद्धवराव म्हणाला की जागा मी ठरवली. साहेबांनी ज्योतीरामाला विचारलं, असंच का? ज्योतीराम टोपी हातात घेऊन उभा होता. बोलायचं ठरवूनच तो आला होता. कालपासून त्यानं शब्द जुळवून ठेवले होते. पण त्यानं टोपी मुठीत आवळली आणि मान खाली घातली. साहेबांनी ती मान्यता समजली आणि त्याला जायला सांगितलं.

उद्धवरावाला कामावरून काढलं. जाण्याआधी तो झोपडीशी आला. हातात वळकटी होती, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. रुक्मिणी आत होती. ज्योतीरामानं त्याला बसायला पोतं टाकलं, तो बसला नाही.

"असं का बोलला सायेब तुमी?" ज्योतीरामानं विचारलं.

"खरं तेच बोललो," उद्धवराव म्हणाला. "ओव्हरसियर मी होतो. जागा मीच ठरवायला हवी होती. मला माहीत असून तुमच्या कानावर सोडलं. तुमचा माणूस आत होता, ज्योतीराम. तुम्हाला तिथं ऐकू येणारच होतं."

ज्योतीरामाला वाटलं होतं की तो शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. उद्धवराव वळकटी खांद्यावर टाकून गाडीवाटेनं सांगवीकडं निघून गेला, आणि ज्योतीराम तो दिसेनासा होईपर्यंत दारातच उभा राहिला.

रुक्मिणीनं त्या दिवसाबद्दल शब्द काढला नाही. ती कामावर जायची, पाट्या उचलायची, घरी येऊन भाकरी थापायची. तिघांच्या थापायची, मग एक उरलेली बाजूला ठेवायची आणि सकाळी गाईला घालायची. ज्योतीराम वाट बघत राहिला की ती कधीतरी त्याच्यावर तुटून पडेल. एका संध्याकाळी ती पिठात पाणी ओतता ओतता थांबली.

"म्या म्हणलं नसतं तर सायेबानं आयकलं नसतं," ती म्हणाली.

ज्योतीरामाला तिला सांगायचं होतं की तसं नाही, चूक माझ्या कानाची, तू काय केलंस? पण तसं म्हटलं तर तिचा आपल्यावरचा भरवसाच भावाला नडला, असं होत होतं. आणि ते तर तिला कळून चुकलंच होतं. तो चुलीतली लाकडं पुढं सारत राहिला. तिनं पीठ मळलं.

दिवाळीच्या आत पाणी पोचलं. फोडलेल्या दोन जागी नवे नळ घालायचे होते. ते सांधे भरायला ज्योतीरामालाच बोलावलं. तो गेला, भट्टी पेटवली, शिसं पातळ केलं. पळी उचलली आणि हात मध्येच थांबला. शिसं सांध्यात अर्धं जाऊन गोठलं. मुकादमानं ते छिन्नीनं काढून पुन्हा ओतायला सांगितलं, पुन्हा तसंच झालं. तेव्हा दुसरा माणूस आणला, आणि ज्योतीरामानं पळी तिथंच भट्टीपाशी ठेवून दिली. समारंभाच्या दिवशी पंपघराला पताका लावल्या होत्या. मोटारी आल्या. यंत्र सुरू झालं तसं झोपड्यांपर्यंत जमीन थरथरली. बाया बघायला गेल्या. ज्योतीराम आणि रुक्मिणी त्या दिवशी बोचकं बांधून गावाला निघाले होते.

अंबूबाईला तार गेली होती, मयतीचं सगळं कळलं होतं. तरी पोरगी आणि जावई समोर आले तशी ती रडेल, छाती पिटेल, असं ज्योतीरामाला वाटलं. ती रडली नाही. तिनं त्यांना पाणी दिलं, सोप्यात बसवलं, आणि बऱ्याच वेळानं रुक्मिणीला विचारलं की पोराला लई तरास झाला का?

"न्हाई आये," रुक्मिणी म्हणाली. "गेला की लगीच. त्याला कळलं पन न्हाई."

म्हातारीनं जावयाकडं बघितलं. ज्योतीराम जमिनीकडं बघत होता.

"दुपार कलंपतुर वाजवत हुता म्हनं," अंबूबाई म्हणाली. "गावातली दोघं हुती की तितं कामावर. त्येंनी सांगितलं मला." तिनं पाण्याचा तांब्या बाजूला सारला. "आन तुमी अलीकडं उकरत हुता."

 रुक्मिणी उठली, आईजवळ जाऊन बसायला गेली. म्हातारीनं तिचा हात धरला, झिडकारला नाही, पण तो हात तिनं नुसता धरून ठेवला, त्यात जोर नव्हता. मग तीच उठली आणि जावई आलाय म्हणून डाळ शिजत घातली. घरात डाळ मूठभर होती.

ते तिथं थोडे दिवस राहिले. आडांना पाणी नव्हतं. एका आडात कुणीतरी उतरायला हवं असं गावात बोलणं चाललं होतं, आणि ज्योतीराम चावडीवरून जाताना ते थांबे. शेवटी ज्योतीरामानं निघायचा विषय काढला. काम होतं ते तिकडंच होतं. पिंपरीच्या पुढं भोसरीकडं नळाची दुसरी शाखा न्यायची ठरली होती, गावचे आणखी दोघेतिघे तिकडं निघाले होते. रुक्मिणी म्हणाली, तुम्ही व्हा पुढं, म्हातारीजवळ कुणी नाही, मी मागनं येते. ती खरोखरच येईल असं बोलताना तिला वाटत असावं. ज्योतीरामालाही तसं वाटू द्यायचं होतं. त्यानं मान हलवली.

नव्या कामावर त्यानं सांधे भरण्याचं काम मागितलं नाही. तो चर खणणाऱ्यांत उभा राहिला, सगळ्यांत खालच्या रोजावर. मुकादम नवा होता, त्याला हा माणूस कोण ते माहीत नव्हतं. जुन्यातल्या कुणी सांगितलं असेल, पण ज्योतीरामाला कुणी कधी काही ऐकायला बोलावलं नाही. दुपारी बाकीचे सावलीला जात, तो चरातच भाकर खाई.

गुढीपाडव्याच्या सुमारास गावाकडून आलेल्या एकानं रुक्मिणीचा निरोप आणला. म्हातारी अंथरुणाला खिळली आहे, सध्या येणं व्हायचं नाही, तुम्हीही येण्याची घाई करू नका, असं तिनं सांगायला सांगितलं होतं. निरोप देणारा जरा घुटमळला, ज्योतीराम आणखी काही विचारील म्हणून. ज्योतीरामानं विचारलं की तिकडं वळीव पडला का? तो नाही म्हणाला. ज्योतीरामानं बरं म्हटलं आणि टिकाव उचलला. मुरूम लागला होता, आणि मुकादमाला ते संध्याकाळच्या आत संपवायचं होतं.